जॉन हॅसेलचा ‘व्हर्नल इक्विनॉक्स’ कसा ऐकावा: ख्याल ऐकलेल्या कानांसाठी

जॅझ आणि इलेक्ट्रॉनिक संगीताची सांगड घालणारे अल्बम आज ढिगाने मिळतात. त्यातल्या पुष्कळांत खाली संगणकावरचा तयार ठोका चालू असतो आणि वर सॅक्सोफोनच्या चार जागा पेरलेल्या असतात. ऐकताना बरं वाटतं, आठवड्याने काही आठवत नाही. ही दोन जगं खरोखर एकजीव झालेले अल्बम मोजकेच, आणि त्यातला मला सर्वांत जवळचा म्हणजे अमेरिकन ट्रम्पेटवादक जॉन हॅसेल याचा ‘व्हर्नल इक्विनॉक्स’, अर्थात वसंतसंपात. ध्वनिमुद्रण १९७६ चं, कॅनडातल्या टोरांटोमध्ये, यॉर्क विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक स्टुडिओत. १९७७ साली न्यूयॉर्कच्या लव्हली म्युझिक या छोट्या कंपनीने तो काढला. हॅसेलचा स्वतःच्या नावावरचा हा पहिला अल्बम. तेव्हा तो चाळिशीला टेकला होता.

हा अल्बम पहिल्यांदा लावणाऱ्यांपैकी बरेच जण दहा मिनिटांत बंद करतात. चाल सापडत नाही, ठेका धरता येत नाही, वाजतंय ते ट्रम्पेट आहे की माणूस गातोय की आणखी काही, तेही कळत नाही. जॅझचं ज्ञान कमी पडतंय असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. या ट्रम्पेटमागे किराणा घराण्याची तालीम आहे. ज्याच्या घरी रेडिओवर सकाळचा ख्याल लागायचा, किंवा ज्याने सवाईच्या मांडवात बसून विलंबित पूर्ण ऐकला आहे, त्याला या संगीताची अर्धी भाषा आधीच येते. ती भाषा कुठे वापरायची एवढंच समजून घ्यायचं आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठी.

आधी थोडी ओळख

हॅसेलचा जन्म १९३७ चा, अमेरिकेतल्या मेम्फिसचा. शिक्षण रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात. साठच्या दशकाच्या मध्यावर तो जर्मनीत कोलोनला गेला आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव असलेल्या कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेनकडे शिकला. पुढे ‘कॅन’ या जर्मन बँडमुळे गाजलेले होल्गर झुकाय आणि इर्मिन श्मिट तिथे त्याच्याबरोबर शिकत होते. अमेरिकेत परतल्यावर टेरी रायलीच्या ‘इन सी’ या रचनेच्या १९६८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रणात हॅसेल ट्रम्पेट वाजवतो. ला मॉन्टे यंगच्या संचातही तो होता. यंगचं संगीत म्हणजे एखादा स्वरसमूह तासन् तास धरून ठेवायचा आणि त्याच्या आत शिरत राहायचं.

या यंग आणि रायलींच्या वर्तुळात १९७० साली दिल्लीहून पंडित प्राणनाथ आले. प्राणनाथ मूळचे लाहोरचे, किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. हॅसेल त्यांच्याकडे शिकायला लागला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याबरोबर भारतातही येऊन गेला. तो तालीम घेत होता गळ्याची, आणि गुरूच्या गळ्यातून निघेल ती जागा ट्रम्पेटवर काढायचा. गुरू गाणार, शिष्य वाजवून उत्तर देणार. आपल्याकडे सारंगीवाले, व्हायोलिनवाले, बासरीवाले पिढ्यान् पिढ्या हेच करत आले आहेत. ट्रम्पेटवर मात्र असा रियाज कुणी फारसा केला नव्हता.

आता हे धागे महाराष्ट्रात कुठे येतात ते पाहा. अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे हिराबाई बडोदेकरही शिकल्या होत्या. म्हणजे प्राणनाथ आणि हिराबाई गुरुबंधू-गुरुभगिनी. हिराबाईंचे वडील अब्दुल करीम खाँ, किराणा घराण्याचं दुसरं मोठं नाव. त्यांनी मिरजेला घर केलं, १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, आणि सवाई गंधर्वांसारखा शिष्य घडवला, ज्यांच्याकडून पुढे भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल आले. १९३७ साली हॅसेल जन्मला त्याच वर्षी खाँसाहेब गेले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीतसभा होते. टोरांटोतल्या त्या स्टुडिओत वाजलेला ट्रम्पेट आणि मिरजेतली ती सभा एकाच घराण्याच्या दोन फांद्या आहेत. ही ओळख मनात ठेवली की अल्बम परका राहत नाही.

पायरी १: साधनं आणि वेळ

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. यात जवळजवळ सगळीकडे खाली एक सलग गुंजणारा स्वर आहे, आणि फोनच्या स्पीकरमधून खालचे स्वर येतच नाहीत. तो आधार गेला की ट्रम्पेट अधांतरी वाटतो आणि सगळं विस्कळीत भासतं. साधा वायरचा हेडफोन चालेल, कानावर पूर्ण बसणारा असेल तर उत्तम. घरी स्पीकर असतील तर आवाज मध्यम ठेवा. खर्ज वाढवणारी सोय बंद करा, नाहीतर गुंजणारा स्वर फुगून वरचं सगळं झाकेल.

२०२० साली हॅसेलच्या स्वतःच्या ‘एनदेया’ या लेबलने अल्बम नव्याने साफ करून काढला. स्ट्रीमिंगवर शोधताना ती आवृत्ती निवडा. जुनी तबकडी हौशी लोक जपून ठेवतात, पण सुरुवातीलाच तिच्यावर पैसे घालवण्याची काही गरज नाही. डिजिटल प्रतीत सगळं स्पष्ट ऐकू येतं.

अल्बम साधारण ५० मिनिटांचा आहे, सहा रचनांचा. एका बैठकीत संपवायची घाई नको. मी खाली सुचवतोय त्या क्रमाने, दोन-तीन संध्याकाळी वाटून ऐका. काम करता करता मागे लावून ठेवायचा हा अल्बम आहे असं काही लोक सांगतात. त्यांचं ऐकू नका, निदान सुरुवातीला. मागे लावलं की यातलं जे सर्वांत मोलाचं आहे, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाण्याची रीत, तेच निसटतं.

पायरी २: कान तयार करा

हॅसेल लावण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं किराण्याचं गाणं ऐका. अब्दुल करीम खाँ किंवा हिराबाई, ज्यांचं ध्वनिमुद्रण हाताशी असेल ते. बंदिशीच्या शब्दांकडे आणि तानांकडे तूर्त लक्ष नको. एकच पाहा: गायक षड्जावर येताना कसा येतो. थेट येऊन बसतो, की खालून अलगद चढत येतो? स्वराला लागण्याआधी त्याच्या आसपास किती वेळ घालवतो? स्वर लागल्यावर तो तसाच धरतो, की आवाज बारीक करत नेतो?

त्यानंतर प्राणनाथांचं थोडं ऐका. ‘रागाज ऑफ मॉर्निंग अँड नाइट’ या त्यांच्या अल्बममध्ये तोडी आणि दरबारी आहेत. गाणं अतिशय संथ. करीम खाँच्या तबकड्या तीन-साडेतीन मिनिटांच्या होत्या, त्यात सगळं आटोपशीर असायचं. वहीद खाँची परंपरा मात्र अतिविलंबित बढतीची, एकेका स्वराला मुक्काम देणारी, आणि प्राणनाथ त्याहूनही सावकाश जातात. दरबारीतला आंदोलित गंधार ते कसा घेतात ते लक्षात ठेवा. १९८३ च्या हॅसेलच्या एका अल्बमच्या नावातच दरबारी आहे, तो का हे तिथे कळेल.

हे ऐकून झालं की लगेच पुढच्या पायरीवर या. मध्ये दुसरं गाणं लावू नका.

पायरी ३: सुरुवात चौथ्या रचनेपासून

पहिल्या रचनेपासून सुरुवात करू नका. आधी चौथी, ‘ब्लूज नाईल’ लावा. साधारण दहा मिनिटांची आहे आणि तिच्यात तालाचा भार जवळजवळ नाही. खाली गुंजन, वर ट्रम्पेट. आपल्या भाषेत सांगायचं तर तंबोरा आणि आलाप.

पहिली दोन मिनिटं ट्रम्पेटकडे दुर्लक्ष करा. खालचा स्वर पकडा आणि तोंड मिटून तोच गुणगुणा. तो तुमचा षड्ज. तुमच्या नेहमीच्या पट्टीत बसेलच असं नाही, थोडं वरखाली करून जुळवा. जुळला की मनातल्या मनात पंचम लावून पाहा. आता तुमच्याकडे मोजपट्टी आहे. ट्रम्पेटच्या प्रत्येक वाक्यानंतर स्वतःला विचारा: हा षड्जावर परत आला, की बाहेरच थांबला? दोन-चार वाक्यांतच त्याची चाल कळायला लागेल.

मग ट्रम्पेटचा आवाज जवळून ऐका. आपल्या ओळखीचं ट्रम्पेट म्हणजे वरातीच्या बँडमधलं, खणखणीत, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारं. हॅसेल त्याच्या नेमका उलट टोकाला आहे. तो इतकं हळू फुंकतो की स्वराआधी श्वास ऐकू येतो. आधी नुसती हवा, मग हवेत मिसळलेला एक अस्पष्ट सूर, मग तो सूर घट्ट होतो, आणि वाक्य संपताना पुन्हा हवाच उरते. हेडफोनवर ही घडण स्पष्ट दिसते. एखादं वाक्य निवडा आणि तेवढंच मागे नेऊन पुन्हा ऐका. स्वर कुठे सुरू झाला हे नेमकं सांगता येतं का पाहा. बहुतेक वेळा येत नाही, आणि तीच त्याची कमाई आहे.

हे किती अवघड आहे याचा अंदाज यायला वाद्याची रचना थोडी समजून घ्यायला हवी. ट्रम्पेटला तीन कळा असतात. कळ दाबली की हवेचा रस्ता लांबतो आणि स्वर ठरावीक अंतराने उतरतो. कळांच्या मदतीने मिळतात ते सुटे सुटे स्वर. पेटीवर मींड येत नाही हे आपण जाणतोच. ट्रम्पेट तितकं हट्टी नाही, पण त्याचा स्वभाव पायऱ्यांचा आहे, उताराचा नाही. स्वर सलग ओढायचा तर ओठांचा ताण बदलावा लागतो किंवा कळ अर्धवट दाबावी लागते, आणि दोन्हींत आवाज फाटण्याचा, बुजण्याचा धोका असतो. जॅझमध्ये असं घसरणं अलंकार म्हणून येतं, क्षणभर. हॅसेलने त्यालाच बोलण्याची मुख्य रीत केलं. बासरीवाल्याला निदान बोटं भोकांवरून अलगद सरकवता येतात. ट्रम्पेटवाल्याचं सगळं ओठांवर आणि दमावर.

पायरी ४: ‘विवा शोना’ आणि ती भुणभुण

आता दुसऱ्या रचनेवर या. इथे ताल आहे, पण सम शोधायला बसलात तर वैतागाल. शोना हे झिम्बाब्वेतल्या लोकांचं नाव, आणि त्यांचं वाद्य म्हणजे म्बिरा: लाकडी फळीवर बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, दोन्ही अंगठ्यांनी आणि एका तर्जनीने छेडायच्या. अल्बममध्ये हे वाद्य डेव्हिड रोझेनबूम वाजवतो. तबल्यासाठी नावही त्याचंच. बाकीची तालवाद्यं मुख्यतः ब्राझीलच्या नाना वास्कॉन्सेलोसची. हा रेसिफी गावचा माणूस केवढा मोठा वादक होता ते सांगायला वेगळा लेख लागेल. ताल धरून ठेवायची त्याला गरज वाटत नाही, तो ताल आसपास हिंडवतो.

म्बिराच्या संगीतात एक छोटं आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं आणि त्यात दोन-तीन लयी एकमेकींत विणलेल्या असतात. मात्रा मोजू नका. एका लयीवर मान हलवा, थोड्या वेळाने दुसरी लय आपोआप पुढे येईल. मान तिच्यावर न्या. ट्रम्पेट यातल्या कुठल्याच लयीला बांधलेला नाही, तो आपल्या आलापातच आहे. विलंबितात तबला ठेका धरून असतो आणि गायक त्याच्या वरून मोकळा फिरतो, ते ज्याने ऐकलंय त्याला इथे अडचण येऊ नये.

या रचनेत आवाजाचा पोतही ऐका. म्बिराच्या फळीवर शंख-शिंपले किंवा बाटल्यांची बुचं मुद्दाम बसवतात, म्हणजे प्रत्येक स्वराबरोबर बारीक खरखर येते. ती खरखर नसेल तर त्या लोकांना वाद्य मुकं वाटतं. तंबोऱ्याच्या जवारीचं काम हेच आहे. मिरजेतले कारागीर घोडीचा माथा कानसेने इतका बारकाईने घासतात की तार तिला स्पर्शत, सुटत थरथरावी, आणि मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. धागा केसभर सरकला तरी आवाज मिटतो किंवा फिसकटतो. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातांच्या कसबामुळे. झिम्बाब्वे आणि मिरज यांच्यामध्ये समुद्र आहे, पण निखळ स्वर पुरेसा नाही, त्याला भुणभुणीचं तेज हवं, हे दोन्हीकडच्या कानांना पटलेलं आहे. हॅसेलने ट्रम्पेटमध्ये श्वासाची खरखर ठेवली तीही त्याच ओढीने. पाश्चात्त्य वाद्यवृंदात शिकवतात ते बरोबर याच्या विरुद्ध: हवेचा आवाज येता कामा नये, स्वर स्वच्छ हवा. ईस्टमनमध्ये हे शिकून आलेल्या माणसाने ते पुसून टाकलं, यात मला त्याचं धाडस दिसतं.

पायरी ५: ‘हेक्स’, आणि इलेक्ट्रॉनिक म्हणजे नेमकं काय

तिसऱ्या रचनेत यंत्रांचा हात सर्वांत जास्त जाणवतो, म्हणून ती मुद्दाम आता. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की नाचाचा ठोका आठवतो. तो इथे नाही. ऐकायच्या गोष्टी दोन.

पहिली म्हणजे फिल्टर. फिल्टर आवाजातला एक भाग अडवतो. वरचे स्वरांश अडवले की आवाज बुजतो, उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. अडसर हळूहळू उघडला की तोच आवाज तेजस्वी होतो. कुठला आवाज असा उघडतो-मिटतो ते ओळखा. तोंडाने ‘ऊ’ म्हणत म्हणत ‘आ’ करा, म्हणजे फिल्टर काय करतो ते तुमच्याच घशात कळेल.

दुसरी गोष्ट प्रतिध्वनी. ट्रम्पेटचं वाक्य थोड्या वेळाने पुन्हा ऐकू येतं, जरा फिकं, आणि पुढचं वाक्य त्याच्यावर येऊन पडतं. हॅसेल त्यासाठी जागा सोडून वाजवतो. आपल्याकडे मैफलीत मागे बसलेला शिष्य गुरूची जागा हलकेच उचलतो, तेच काम इथे यंत्र करतं.

या अल्बमात यंत्रं कुठेही पुढे पुढे करत नाहीत. किती तरी ठिकाणी हे वाद्य की सिंथेसायझर, पक्षी की तालवाद्य, हे सांगता येत नाही. नव्या श्रोत्याने ते सोडवायचा ध्यासही घेऊ नये. प्रत्येक आवाजाला नाव देत बसलं की ऐकणं थांबतं.

पायरी ६: बावीस मिनिटं

शीर्षक रचना, ‘व्हर्नल इक्विनॉक्स’. जवळजवळ बावीस मिनिटं. हिच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि बसा.

ही अल्बमची गाभ्याची रचना आहे आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. कारण आपण वाट पाहत राहतो. आता लय वाढेल, आता द्रुत येईल, आता झाला सुरू होईल. तसं होत नाही. हातांनी वाजवायची तालवाद्यं संथपणे चालत राहतात, गुंजन चालू राहतं, आणि ट्रम्पेट एकाच परिसरात पुन्हा पुन्हा फिरून येतो. गर्दीची टाळी घेणारी जागा एकही नाही.

तेव्हा आधीच ठरवा की वाट पाहायची नाही. पहिली पाच-सात मिनिटं ‘ब्लूज नाईल’मध्ये केलं तेच करा: षड्ज धरा, वाक्यं कुठे परत येतात ते पाहा. मधली मिनिटं ट्रम्पेट सोडून फक्त तालवाद्यांना द्या. चामड्याचा आवाज, बोटांचा, तळव्याचा, हे वेगळे करा. शेवटच्या पाच-सहा मिनिटांत काहीही ठरवून ऐकू नका. मन भरकटलं तर भरकटू द्या, आपोआप परत येईल. कंटाळा आला तर तोही सहन करा. प्राणनाथांचं अतिविलंबित ऐकतानाही पहिल्यांदा कंटाळा येतोच.

संगीताची तालीम झालेल्यांसाठी एक सूचना. हा कुठला राग, असा शोध घेऊ नका. वाटेत ओळखीच्या जागा भेटतील, एखाद्या स्वरसंगतीवर कान टवकारले जातील, पण हॅसेल राग मांडत नाही. त्याने रागसंगीताची चालण्याची रीत घेतली, रागाचे नियम घेतले नाहीत. वर्ज्य स्वर, वादी-संवादी, प्रहर या कसोट्या लावल्या तर तो नापास होईल आणि तुमच्या हाती काही लागणार नाही.

मग यात जॅझ कुठे, असा प्रश्न येतो. माझ्या मते जॅझ आहे ते ऐकत ऐकत वाजवण्यात, आधी न लिहिलेलं वाक्य त्या क्षणी घडवण्यात, आणि जॅझचा थोर ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या सावलीत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माइल्सने ट्रम्पेटला वीज जोडली. त्याच्या १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये तर बादल रॉय यांचा तबला आहे, शिवाय सतारही आहे. हॅसेलने ती दिशा घेतली आणि तिच्यातला सगळा गोंगाट काढून टाकला. जॅझचा झुलता ठेका मात्र इथे शोधू नका, तो नाही.

पायरी ७: आता पहिली आणि शेवटची

‘टूकन ओशन’ ही पहिली रचना चार मिनिटांचीही नाही. हेलकावत जाणारी, मऊ. आधी हीच ऐकली असती तर अल्बम नुसता गोड वाटला असता, म्हणून उशिरा ठेवली.

शेवटची ‘कराकास नाइट सप्टेंबर ११, १९७५’ त्याहून छोटी. व्हेनेझुएलाच्या राजधानीतली रात्र, बाहेरचे आवाज, आणि त्यात ट्रम्पेट. इथे बाहेरची रात्रच तंबोऱ्याचं काम करते.

सहाही रचना अशा सुट्या ऐकून झाल्या की एका दिवशी दिवेलागणीनंतर सगळा अल्बम क्रमाने लावा. आता काहीही शोधायचं नाही.

पायरी ८: गाणारे-वाजवणारे असाल तर

थोडं करून पाहिलं की ऐकणं एकदम वाढतं. तंबोऱ्याचं ॲप लावा, तुमच्या नेहमीच्या पट्टीत. फोनवर प्रतिध्वनी देणारं कुठलंही मोफत ॲप चालेल. पुनरावृत्ती साधारण अर्ध्या सेकंदाने आणि दोन-तीनदाच येईल असं ठेवा, त्याहून जास्त ठेवलं तर चिखल होतो. हेडफोन घालूनच गा, नाहीतर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी वाजेल. आता आकारात एक वाक्य गा, मंद्र पंचमापासून षड्जापर्यंत, आणि थांबा. तुमचं वाक्य परत येऊन विरेपर्यंत पुढचं गाऊ नका.

सवयीने आपण रिकामी जागा लगेच भरतो. इथे थांबणं हाच रियाज आहे. बासरी, व्हायोलिन, क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांनी हेच वाद्यावर करावं. पेटीवाल्यांनी भात्याने स्वर फुलवण्या-मिटवण्यावर भर द्यावा. हे जमू लागलं की ‘ब्लूज नाईल’ पुन्हा ऐका. हॅसेल कुठे थांबतो हे आता तुम्हाला आतून कळेल.

पायरी ९: यानंतर काय

१९८० साली हॅसेलने ब्रायन ईनो या इंग्लिश संगीतकाराबरोबर ‘फोर्थ वर्ल्ड, व्हॉल्यूम वन: पॉसिबल म्युझिक्स’ केला. ‘व्हर्नल इक्विनॉक्स’ ऐकून ईनो भारावला होता, तिथून ही जोडी जमली. इथे हार्मोनायझर हे यंत्र ठळकपणे येतं. इव्हेंटाइड कंपनीने ते १९७५ मध्ये बाजारात आणलं. वाजवलेल्या स्वराची नक्कल करून ती ठरावीक अंतरावर वर किंवा खाली नेऊन मूळ स्वराबरोबरच ऐकवायची, हे त्याचं काम. एक ट्रम्पेट फुंकला की दोन-तीन ट्रम्पेट एकाच मींडेतून एकत्र सरकतात. आपल्या संगीतात असं समांतर चालणं नाही, त्यामुळे पहिल्यांदा कानाला चमत्कारिक लागेल.

‘फोर्थ वर्ल्ड’ ही हॅसेलची कल्पना होती: निरनिराळ्या देशांच्या परंपरा आणि पुढारलेली यंत्रं यांतून एक नवंच, नकाशावर नसलेलं संगीत. ‘आदिम’ आणि ‘भविष्यवेधी’ हे शब्द तो या संदर्भात वापरायचा. यातला ‘आदिम’ मला पटत नाही. म्बिराची विणकाम केलेली लय किंवा वहीद खाँची बढत यांत आदिम काय आहे? ज्या लोकांकडून घेतलं त्यांचं नाव किती पुढे आलं, हा प्रश्नही या संगीताबद्दल विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. हॅसेलच्या बाजूने एक गोष्ट नक्की सांगता येते. प्राणनाथांकडून आपण काय घेतलं हे त्याने कधी लपवलं नाही. आयुष्यभर त्यांना गुरू म्हणून त्याने पुढे ठेवलं.

१९८० सालीच टॉकिंग हेड्स या अमेरिकन रॉक बँडच्या ‘रिमेन इन लाइट’ या अल्बमवरही हॅसेलचा ट्रम्पेट आला. पुढच्या पिढीत काय झालं ते ऐकायचं असेल तर नॉर्वेचा ट्रम्पेटवादक निल्स पेटर मोल्वेर याचा १९९७ चा ‘ख्मेर’ घ्या. तिथे नाचाचे ठोके आहेत, त्यामुळे तरुण श्रोत्यांना तो जास्त सोपा जाईल. काहींना मी आधी ‘ख्मेर’ आणि मग हॅसेल असं उलट सुचवतो, विशेषतः ख्यालाची सवय नसेल तर. हॅसेल २०२१ मध्ये गेला, तोवर तो थांबला नव्हता. २०१८ चा ‘लिसनिंग टु पिक्चर्स’ त्याने ऐंशीच्या घरात असताना केला आणि तो त्याच्या सर्वांत धीट अल्बमांपैकी आहे. पण तो शेवटी ऐका.

त्याच्या आधी १९९९ चा ‘फॅसिनोमा’ ऐका. निर्मिती अमेरिकन गिटारवादक राय कूडरची, आणि बासरीवर आपले रोणू मजुमदार. यंत्रं इथे बाजूला ठेवली आहेत, जुन्या जॅझच्या चाली आहेत, श्वास इतका जवळ की माणूस खोलीत असल्यासारखा. बासरी कुठल्या रचनेत आहे हे यादीत आधी वाचू नका. लावा, आणि मींड ट्रम्पेटने घेतली की बासरीने, हे कानाने ओळखायचा प्रयत्न करा.